उलट्या होडीखाली

दि. ९ फेब्रुवारी

ताई,

खुशाली नंतर, बातमी आधी. तुमच्या गावच्या सभागृहाचं काम मला मिळालं!

काचेचा कारखाना पाडून मोकळ्या झालेल्या जागेवर नगरपालिका गावासाठी इमारत बांधतेय. आठवड्यातून दोनदा डॉक्टर बसतील, मुलांना अभ्यासाला जागा, बायकांच्या गटाला कामाला जागा, आणि ज्यांना यातलं काहीच करायचं नाही त्यांना टेकायला बाक. आजवर मी श्रीमंतांची स्नानगृहं फार केली. एकेकात तुझं औषधांचं दुकान काउंटरसकट मावेल. त्यांच्या फरशीचा रंग ठरवता ठरवता माझ्या केसांचा रंग गेला. आता एकदा तरी असं काही बांधू दे, ज्यानं कुणाचं बरं होईल.

छत विटांचं, उलटी घातलेली होडी असावी तसं. मधे खांब नाही, तुळई नाही. विटा तुमच्याच शिवारातल्या भट्टीच्या, हात तुमच्याच गावातले. ज्यांना काम नाही त्यांना आधी कमान घालायला शिकवायचं, मग त्यांच्याकडूनच बांधून घ्यायचं. मी निघून येईन, कसब गावात राहील.

अट एकच. इमारत चालवणाऱ्या समितीत दोन्ही बाजूंची माणसं हवीत. आणि उद्घाटनानंतर वर्षभरात गाव तिथं येताना दिसलं नाही, तर नगरपालिका ती खताच्या व्यापाऱ्याला गोदाम म्हणून भाड्यानं देणार. तो आत्तापासूनच जागेवर चकरा मारतोय म्हणे.

तर बाहेरल्यांकडून तू, आतल्यांकडून तुझी धाकटी जाऊ. हो म्हण. संपात फाटकाबाहेर बसले ते बाहेरले, मधेच कामावर परत गेले ते आतले, हे मला ठाऊक आहे. पण त्या संपाला वीस वर्षं झाली, ताई. आता कारखाना नाही, त्याचं फाटकही भंगारात गेलं. सगळेच बाहेर आहात की!

तुझा,
छोटू


दि. २१ फेब्रुवारी

छोटू,

अभिनंदन. स्नानगृहातून सुटलास, आमच्या गळ्यात पडलास.

‘सगळेच बाहेर आहात’ हे वाक्य तू तिथल्या टेबलाशी बसून छान लिहिलंस. इथं येऊन म्हणू नकोस, दोन्ही बाजू मिळून मारतील. तेवढंच एक काम मिळून करतील.

आमच्या गावात सगळं दोन-दोन आहे आणि एकही धड नाही. किराणा दुकानं दोन, दोन्हीकडे साबण संपलेला. न्हावी दोन, दोघांचाही हात जड. बस हाकेच्या अंतरावर दोनदा थांबते, एक थांबा त्यांचा, एक आपला. नवा ड्रायव्हर आला की त्याला वाटतं आपली चेष्टा चाललीय. मुलांच्या शिकवण्या दोन, दोन्हीकडे गणिताचा मास्तर नाही, कारण अर्ध्या गावाच्या पोरांवर त्याचं पोट भरत नाही. डॉक्टर तर अर्ध्या गावाला परवडतच नाही, म्हणून तो कुणाच्याच वाट्याला नाही. माझं औषधांचं दुकान आहे, पण आतल्यांना ताप आला तर ते पुढच्या गावाहून गोळी आणतात. फणफणत माझ्या दारावरून जातात, मान पलीकडे वळवून. तापानं मान वळत नसली तरी वळवतात.

आता समितीचं. हे संपाचे पुढारी होते, सख्खा धाकटा भाऊ चौथ्या महिन्यात आत गेला. पोर आजारी होती, घरात काही नव्हतं, सगळं मान्य. यांनी पुढं त्याचं नाव काढलं नाही, पण वाईटही बोलले नाहीत. पण त्याच वर्षी हे वारले, त्या दिवशी गावातलं चिटपाखरू यायचं राहिलं नाही, आणि भाऊ आला नाही. तो एक दिवस सोडून बाकी सगळं मी पोटात घातलं असतं. धाकटीशेजारी बसायला मला सांगू नकोस.

आणि इमारत करणारच असशील तर दोन दारं कर. एक या रस्त्याला, एक त्या रस्त्याला.

तुझी,
ताई


दि. ३० मार्च

ताई,

तुझ्याकडच्या चार दिवसांत वजन वाढलं आणि आत्मविश्वासही. दोन्ही बाजूंच्या वेगवेगळ्या सभा घेतल्या. नकाशे दाखवले, लाकडी नमुना हातात दिला. म्हटलं, काय बदलू ते सांगा. कुणी काही बदलायला सांगितलं नाही! आतले म्हणाले छान, बाहेरले म्हणाले छान. इतकी एकवाक्यता मला माझ्या ऑफिसात मिळत नाही.

दोन दारांचं मी खूप मनावर घेतलं. रात्रभर विचार केला म्हणणार होतो, पण झोप लागली. तरी सांगतो. आत्ता तुमच्यामधे भिंत आहे ती नुसती हवेतली आहे. मी दोन दारं केली तर ती विटांची होईल. त्यावर माझी सही असेल, नगरपालिकेचा शिक्का असेल, आणि पुढची पोरं विचारतील की आपलं दार कुठलं. त्यांना आज हा प्रश्न निदान शिकवावा तरी लागतो. म्हणून दार एकच, पण रुंद. समोरासमोर आलेल्या दोन माणसांना एकमेकांना न लागता जाता येईल इतकं.

आत, होडीच्या दोन्ही टोकांना भिंतीलाच बाक केले आहेत. कुणाला लांब बसायचं असेल तर लांब बसू दे. एवढी सूट मी दिली.

समितीचं तुझ्यावर सोडतो.

छोटू


दि. १९ ऑगस्ट

छोटू,

तुझी होडी उलटी पडत चाललीय. एका टोकानं आतले बांधतात, दुसऱ्या टोकानं बाहेरले. मधे तू पाठवलेला शिकवणारा मिस्त्री, तो बिचारा दिवसभर या टोकाकडून त्या टोकाकडे पळतो. एका बाजूच्या चार ओळी जास्त झाल्या की दुसरी बाजू जेवणाची सुट्टी घेत नाही. इतक्या वेगानं आमच्या गावात आजवर फक्त अफवा पसरली आहे.

सभेत सगळे ‘छान’ म्हणाले त्याचा उलगडा करते. तू मजुरीचं बोललास ना? त्याच्या पुढचं कुणी ऐकलं नाही. आणि पाहुण्याला छान म्हणायचं असतं रे. लाकडी नमुना तर आतल्यांच्यातल्या एका म्हातारीला पक्ष्याचं घरटं वाटला. त्यालाही ती छान म्हणाली.

पण खोटं बोलणार नाही. संपानंतर पहिल्यांदा या गावात दोन्हीकडची माणसं सकाळी घाईनं निघताना दिसली. कारखाना गेल्यावर पुरुषांच्या हातांना काय करायचं ते कळेनासं झालं होतं. सारखे खिशात नाहीतर पाठीमागे. आता हातांना चुना लागलेला असतो. भट्टीवाल्यानं आणखी माणसं घेतली. आपल्यातल्या दोघांना आणि त्यांच्यातल्या तिघांना पलीकडच्या तालुक्यातल्या शाळेच्या कमानीचं काम आलंय. पाचही जण एकाच बसनं जातात. थांबे अजून दोनच आहेत.

समितीच्या कागदावर सही केली. धाकटीचीही झालीय. नाव दिलंय, पाय दिलेला नाही.

ताई


दि. ३ डिसेंबर

ताई,

उद्घाटन झकास झालं. मधोमध उभा राहून बोलताना मला वाटलं, हे आपण केलं? तुला गर्दीत शोधलं, दिसली नाहीस. दुकान बंद ठेवता आलं नसेल. तुझी जाऊही दिसली नाही म्हणे.

आता लिही, कसं चाललंय? लोक येतात का? एका मासिकाला फोटो आणि मजकूर हवाय. बक्षिसासाठीही नाव गेलंय. पण ते सोड, खरंच जाणून घ्यायचंय.

छोटू


दि. १५ डिसेंबर

छोटू,

सभागृह छान आहे. उन्हं तिरपी झाली की विटा तांबूस दिसतात. आत गार असतं म्हणतात. फरशी एकदम स्वच्छ. बाक तर नव्यासारखे आहेत.

इकडे थंडी बरी आहे. गुडघ्याचं विचारू नकोस.

ताई


दि. २ जानेवारी

ताई,

तुझं पत्र मी ऑफिसात सगळ्यांना वाचून दाखवलं! ‘फरशी एकदम स्वच्छ, बाक नव्यासारखे.’ सार्वजनिक जागा लोकांना आपली वाटली की ते ती अशी जपतात, हे मी कितीदा सांगत आलो. मासिकाच्या मजकुरात हे वाक्य घेतोय. नाव देत नाही, ‘एका रहिवासी महिलेनं’ एवढंच.

छोटू


दि. ११ मार्च

छोटू,

त्या रहिवासी महिलेचं वाक्य मासिकातून काढून टाक. छापलं असेल तर पुढच्या अंकात चुकीची दुरुस्ती दे.

फरशी स्वच्छ आहे कारण तिच्यावर कुणी पाय ठेवत नाही. बाक नव्यासारखे आहेत कारण ते नवेच आहेत. मीही आत गेले नव्हते. जे लिहिलं ते रस्त्यावरून, दारातून जेवढं दिसलं तेवढं. तुझा उत्साह बघून पुढं लिहवलं नाही.

दार तू रुंद केलंस, पण येणारा आधी रस्त्याच्या कडेला थांबतो आणि आत कोण आहे ते बघतो. पलीकडचं कुणी असेल तर परत फिरतो. कुणी नसेल तर विचार करतो की मी आत असताना ते आले तर? मग तोही परत फिरतो. डॉक्टरीणबाई बुधवार-शनिवार एका टोकाला पडदा लावून बसतात. त्या एकदा मला दुकानात म्हणाल्या, “इतकं निरोगी गाव मी पाहिलं नाही. मग इथली माणसं मरतात कशानं?” शेवटी त्यांनी नगरपालिकेला कळवलं की रुग्ण नसतील तर मी येणं बंद करते. नगरपालिकेनं लगेच सभा बोलावली. खताचा व्यापारी दाराशी उभा होता, डोळ्यांनीच मोजमाप घेत.

डॉक्टर जाणार म्हटल्यावर सगळे आले. मीही गेले. आतले त्या टोकाच्या बाकांवर, आम्ही या टोकाच्या, मधे तुझी ती स्वच्छ फरशी आणि तिच्यावर नगरपालिकेचा साहेब. साहेब विकासावर बोलायला लागले. आमच्याकडे नेहमीप्रमाणे कुजबूज सुरू झाली. माझ्या शेजारचा म्हणाला, “बघा, कसे ओळीनं बसलेत. शिटी वाजली की उठतील कामाला.” आणि तेवढ्यात माझ्या कानाशी, अगदी कानाशी, एक बाई म्हणाली, “ती औषधवाली बघ. कपाटातल्या बाटलीसारखी बसलीय. बूच लावून.”

मी वळून बघितलं. मागे भिंत. माझ्या शेजारी पुरुष. छोटू, तो आवाज समोरच्या टोकाकडून आला होता. कुजबुजलेला! आणि शिटीचं वाक्य तिकडे पोहोचलं होतं, कारण समोर चार माणसं ताडकन उभी राहिली. मग जे झालं ते सांगत नाही. वीस वर्षांचं सगळं एका दमात निघालं. साहेब मधे होते, त्यांना कुजबूज ऐकूच आली नव्हती. त्यांना वाटलं, आपण पाणीपट्टीबद्दल बोललो म्हणून गाव खवळलं. पाणीपट्टी वाढणार नाही असं जाहीर करून ते गाडीत बसले.

डॉक्टरीणबाईंना महिनाभर थांबा म्हणून विनवलंय. तू काय बांधून ठेवलंयस ते कळव.

ताई


दि. १८ मार्च

ताई,

तुझं पत्र वाचून मी आधी जुने नकाशे काढून बघितले.

काय झालं ते सांगतो. होडीसारख्या छताखाली एका टोकाला पुटपुटलेला शब्द गोलाईवरून सरकत जातो आणि दुसऱ्या टोकाला, ठरावीक जागी, पुन्हा गोळा होतो. मधल्या माणसाला काही ऐकू येत नाही. हे मला विद्यार्थी असताना शिकवलं होतं. आणि त्या नेमक्या दोन जागी मी बाक केले, लांब बसणाऱ्यांची सोय म्हणून. चाचणी घेतली ती मधोमध उभं राहून. उद्घाटनाला मी मधोमध, मंत्रीही मधोमध. आमच्यासारखी माणसं नेहमी मधेच उभी राहतात, त्यामुळे आम्हाला कधी काही ऐकू येत नाही.

डॉक्टरांचा पडदाही त्यातल्याच एका टोकाला. म्हणजे रोग्यानं सांगितलेलं सगळं समोरच्या बाकावर जाणार. मला तोंड लपवायला जागा नाही.

मी नगरपालिकेला लिहिलंय. आतून सपाट फॉल्स सीलिंग टाकू, विटा झाकल्या जातील पण आवाज मरेल. नकाशे करायला घेतलेत. मासिकाला मजकूर मागे घेतो म्हणून कळवलं, बक्षिसातूनही नाव काढलं. त्याचं दुःख नाही. दुःख याचं आहे की दोन बाजूंना एकत्र आणायला निघालो आणि त्यांना एकमेकांचं नको ते ऐकवलं. गोदाम झालं असतं तर बरं, असं पहिल्यांदाच मनात आलं.

छोटू


दि. ६ एप्रिल

छोटू,

रडगाणं पुरे. हे वाच, आणि ऑफिसात वाचून दाखवू नकोस.

डॉक्टरीणबाई मला म्हणाल्या होत्या, “औषधांची पेटी घेऊन तुम्ही माझ्याबरोबर बसलात तर महिनाभर थांबते.” म्हणून गेल्या बुधवारी मी त्या पडद्याआड बसले होते. त्यांची बस यायची होती. सभागृहात चिटपाखरू नाही. मी गोळ्यांच्या पाकिटांवरच्या तारखा बघत होते. तेवढ्यात दारातून धाकटी आली, बरोबर तिची मुलगी. तीच, संपात आजारी असलेली पोर. आता बाई झालीय. दोघी त्या टोकाच्या बाकावर बसल्या.

मुलगी म्हणाली, “मोठ्या काकूला एकदा सांगून का टाकत नाहीस?”

धाकटी म्हणाली, “काय सांगू? तुझे बाबा आले होते म्हणून? वीस वर्षांनी? तिला वाटेल, आता डॉक्टर हवाय म्हणून गोड बोलतेय.”

“पण आले होते ना?”

“आले होते. काचेच्या ढिगामागे उभे होते, सगळं आटपेपर्यंत. फुटक्या बाटल्यांचा तो ढीग नव्हता का, वळणावर? आदल्या रात्री निरोप आला होता की आतला कुणी दिसला तर आम्ही तिरडी खाली ठेवून निघून जाऊ. मी म्हटलं, तुम्ही सख्खे भाऊ, जा तरी. तर म्हणाले, मी एक खांदा द्यायला गेलो तर बाकीचे खांदे जातील. दादा रस्त्यात राहील. घरी आले तर चपलेतून काच आत गेलेली. मी बसवलं, पाय मांडीवर घेतला, काच काढली. ढसाढसा रडले. मला म्हणाले, काच फार लागली गं.”

छोटू, मी तिथं बसून होते आणि हे माझ्या कानात येत होतं. कुणी खांद्यावर हनुवटी टेकवून सांगावं तसं. हातातल्या पाकिटावरची तारीख मला वाचता येईना.

तो निरोप कुणी पाठवला असेल? आपल्यातल्याच कुणीतरी. आदल्या रात्री माझ्याच घरात, माझ्याच चहाचे कप हातात घेऊन ठरलं असणार. मी आतल्या खोलीत होते. मला कुणी सांगितलं नाही आणि नंतर सांगायचं कारण उरलं नाही, कारण भाऊ आला नाही हे सगळ्यांच्या सोयीचं होतं. वीस वर्षं मी ते वाक्य जपलं, औषधासारखं. रोज एक.

मग डॉक्टरीणबाई आल्या. मी पेटी त्यांच्या टेबलावर ठेवली आणि पडद्याच्या मागच्या बाजूनं, भिंतीच्या कडेकडेनं दाराबाहेर पडून घरी आले. धाकटीकडे बघितलं नाही. काय करू ते कळत नाही.

ताई


दि. १२ एप्रिल

ताई,

दाजींना खांदा देणाऱ्यांत मी होतो. डाव्या बाजूला, पुढं. त्या वळणावरून गेलो ते आठवतं, काचेवर ऊन पडून डोळे दिपत होते. ढिगामागे कुणी आहे का हे बघायला मान वळवावी लागली असती आणि खांद्यावर ओझं असलं की मान वळत नाही. पंधरा पावलांवर तो उभा असेल.

सल्ला देण्याचा मला हक्क नाही, तरी देतो. तू ऐकलंस हे धाकटीला कळू देऊ नकोस. लेकीशी बोललेलं घरचं बोलणं परक्या कानावर गेलं म्हणून ती मेल्याहून मेली होईल. हा माझ्या छताचा अपराध आहे, त्याची शिक्षा तिला नको. सीलिंगचे नकाशे पुरे झाले, सोमवारी नगरपालिकेत पोहोचतील. निदान पुढं कुणाचं असं चोरून ऐकलं जाणार नाही.

तुझं तू ठरव. घाई करू नकोस.

छोटू


दि. ४ मे

छोटू,

तुझ्याइतका शिकलेला माणूस इतका भोळा कसा राहतो, याचा सरकारनं अभ्यास करावा.

अरे, त्या सभेनंतर अख्ख्या गावाला ठाऊक आहे की त्या बाकावरचं या बाकावर ऐकू येतं. पोरं शाळा सुटली की तोच खेळ खेळतात. तुझा पडदा जमिनीपासून वीतभर वर आहे, खाली माझ्या चपला दिसत होत्या. दुखऱ्या गुडघ्यासाठी एका टाचेला गादी लावलेल्या चपला गावात माझ्याच. सत्तावीस बाक रिकामे असताना धाकटी नेमक्या त्या बाकावर जाऊन बसली. लेकीला हे सगळं आधीपासून माहीत होतं, तिच्याच घरातली गोष्ट. तिला ‘ढीग नव्हता का वळणावर’ असं समजावून कशाला सांगायला हवं? ते माझ्याशीच बोलणं होतं. तोंडावर येऊन तिनं सांगितलं असतं तर मी पहिल्या वाक्याला उठून गेले असते, हे तिला माहीत आहे. जावा आहोत आम्ही, एका चुलीवर तीन वर्षं काढली आहेत.

आधी कामाचं. तुझे नकाशे आले. साहेबांनी समितीची सभा बोलावली, या खेपेला मधे न थांबता भिंतीपाशी उभे राहिले. सीलिंग टाकायचं का, असं विचारलं. आतले म्हणाले, नको. आमचे म्हणाले, नको. आणि मग सगळे एकमेकांकडे बघायला लागले, कारण वीस वर्षांत पहिल्यांदा दोन्ही टोकांकडून एकच शब्द आला होता. तो नेमका तुझ्याविरुद्ध आला, त्याला माझा इलाज नाही. आतल्यांचं म्हणणं, आम्ही घातलेल्या विटा झाकायच्या नाहीत. आमचंही म्हणणं तेच. आधी कोण म्हणालं यावर वाद चालू आहे.

डॉक्टरीणबाईंचं टेबल बाजूच्या सामानाच्या खोलीत हलवलं. तिला सपाट छत आहे आणि दार लागतं. तेव्हापासून लोक येतात. सगळे नाहीत. काही जण अजून रस्त्याच्या कडेला उभे राहून बघतात, पण बघून आत येतात. पुढच्या महिन्यापासून गणिताचा मास्तर संध्याकाळी येतो म्हणालाय, सगळी पोरं एका जागी मिळणार असतील तर. व्यापारी अजून चकरा मारतो. मारू दे, त्याची प्रकृती सुधारेल.

आता माझं. मी महिनाभर काही केलं नाही. रोज ठरवायचे आणि दुकान उघडायचे. काल शनिवारी पेटी घेऊन गेले तर भावोजी बाकावर बसलेले. एकटे. धाकटी डॉक्टरीणबाईंच्या खोलीत गेली होती. फार वाळलेत रे. यांच्यासारखेच बसतात, गुडघ्यावर तळवे पालथे टाकून. मला वाटलं हेच बसलेत.

समोरच्या टोकाला बसून हळूच बोलावं असं आधी मनात होतं. धाकटीनं काढलेली वाट होतीच. पण भावोजींचे कान गेलेत. बाटल्यांच्या यंत्रापाशी उभी हयात गेली, त्या धडधडीत गेले. कुजबूज त्यांच्यापर्यंत पोहोचली नसती. म्हणून मी गेले आणि त्यांच्या शेजारी बसले. आतल्यांच्या बाकावर. सभागृहात वीस-पंचवीस माणसं होती, सगळ्यांच्या माना आमच्याकडे वळल्या.

मी म्हटलं, “भावोजी, तुम्ही आला होतात ते मला कळलं.”

त्यांनी कानाला हात लावला. “काय?”

मी मोठ्यानं म्हटलं, “तुम्ही आला होतात! ढिगामागे! मला कळलं!”

“काय म्हणता वहिनी?”

मग मी ओरडले. तुझ्या छताखाली, जिथं पुटपुटलेलंही या टोकाचं त्या टोकाला जातं, तिथं मी उभी राहून, त्यांच्या कानाशी तोंड नेऊन, अख्ख्या गावाला ऐकू जाईल असं ओरडले, “तुम्ही आला होतात! यांच्या भावानं खांदा दिला नाही, कारण देऊ दिला नाही! मला आता कळलं!” माझा आवाज छतावरून फिरून माझ्याच अंगावर आला. खोलीच्या दारात धाकटी येऊन उभी राहिली होती. आमच्या टोकाला, ज्यांनी तो निरोप पाठवला असेल त्यांतले दोघे बसले होते. त्यांनी माना खाली घातल्या.

भावोजी माझ्याकडे बघत राहिले. डोळे भरलेले. मग म्हणाले, “पहिल्या खेपेलाच ऐकू आलं होतं, वहिनी. पण पुन्हा ऐकावंसं वाटलं.”

मी खाली बसले. त्यांचा हात हातात घेतला आणि पुन्हा एकदा सांगितलं. हळू.

तुझी,
ताई